लाल खवले किडीची ओळख

श्रोतेहो, मोसंबीच्या किंवा लिंबाच्या सालीवर कधीकधी तांबूस रंगाचे वाटोळे ठिपके आढळतात. फळाला पडलेला डाग समजून आपण ते नखाने खरवडून टाकतो आणि फळ चिरावयास घेतो. ठिपका सुटून येतो तो एखाद्या बारीक खपलीसारखा. त्याला पाय नाहीत, पंख नाहीत, हालचाल नाही. डोके कोणीकडे आणि शेपूट कोणीकडे हेही सांगता येत नाही. तथापि ती खपली म्हणजे एका जिवंत कीटकाचे घर असते, आणि त्या घराची धनीण आपली केसाहूनही बारीक सोंड सालीत खुपसून आत स्वस्थ बसलेली असते.

शेतकीच्या भाषेत अशा कीटकांना खवले कीड म्हणतात. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे ती लिंबूवर्गीय झाडांवरील लाल खवले कीड. कॅलिफोर्नियाची लाल खवले कीड या नावाने ती जगभर ओळखली जाते. शास्त्रीय नाव आओनिडिएला ऑरँटिआय. नाव उच्चारावयास जड आहे खरे, परंतु माझ्या भाषणाचा सगळा विषय त्या नावातच साठलेला आहे. या किडीला मध्यंतरी एका परक्या घराण्याचे नाव चिकटले होते, आणि त्या नावावर विसंबून जाणती माणसे तिच्या शत्रूंचा शोध भलत्याच खंडात घेत राहिली. नावे ठेवणे हा शास्त्रज्ञांचा रिकामपणाचा उद्योग आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही हकीकत अवश्य ऐकावी.

प्रथम या कीटकाचे कुलशील पाहू. खवले किडींचा परिवार मोठा आहे. आपल्याकडे ज्या कीटकापासून लाख मिळते तो याच परिवारातला. बागाईतदारांना त्रस्त करणारा पिठ्या ढेकूणही त्यांचाच भाऊबंद. यांपैकी जे कुल अंगावर वेगळे कवच घेऊन राहते त्यास डायास्पिडिडी असे नाव असून त्यात अडीच हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. माडाच्या पानांखाली पिवळे चट्टे पाडणारी कीड आणि उसाच्या कांड्यावर राखी पापुद्रा धरणारी कीड याच कुलातल्या. कवचधारी कीड ओळखण्याची पहिली कसोटी अगदी सोपी आहे. सुई घेऊन खपली हळूच उलटावी. खपली सुटी होऊन खाली पिवळसर मऊ देह निराळा दिसला तर ती कवचधारी. खपली आणि देह एकच असतील, सुईने देहच फाटत असेल, तर ते दुसरे कुल. मात्र आपली लाल कीड याही कसोटीला एक अपवाद जोडते. कात टाकण्याच्या वेळी, आणि पुढे नराशी संयोग झाल्यानंतर, तिचा देह कवचाला घट्ट चिकटून बसतो. ही बारीकशी गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

कवच येते कोठून? पिल्लू जन्मते तेव्हा त्याला सहा पाय असतात, डोळे असतात, आणि सोयीची जागा सापडेपर्यंत ते काही तास फांदीवर, पानावर, फळावर भटकते. जागा ठरली की सोंड रोवते, अंगातून मेणाचे पांढरे तंतू काढून स्वतःवर पांघरूण घालते, आणि पहिली कात टाकताना पायांनाही कायमचा निरोप देते. साप कात टाकून निघून जातो. ही मादी टाकलेली कात वाया दवडीत नाही. पहिली कात आणि दुसरी कात ती मेणाबरोबर आपल्या छपरात बसवून टाकते. म्हणून कवचाच्या मध्यभागी एक लहानसा उंचवटा दिसतो व त्याभोवती वर्तुळे दिसतात. पुरे वाढलेले कवच दोन मिलिमीटरांच्या आसपास भरते. मादी अंडी घालीत नाही. दररोज दोन-तीन जिवंत पिल्ले, असा तिचा क्रम सहा ते आठ आठवडे चालतो. नराचे कवच लांबट असते. त्याला शेवटी पंखांची एक जोडी फुटते, पण तोंड मात्र नसते. एवढ्याशा आयुष्यात खाण्याची गरजच पडत नाही. मादीचा शोध घ्यावयाचा आणि मरावयाचे, एवढेच त्याचे काम.

असा हा जन्मभर एका जागी खिळलेला जीव पृथ्वीप्रदक्षिणा कशी करतो? पिल्ले वाऱ्याबरोबर थोडेफार अंतर जातात. परंतु समुद्र ओलांडून नेतो तो माणूस. कलमांच्या जुडीबरोबर, फळांच्या पेटीबरोबर, जकातनाक्यावर कोणाच्या डोळ्यांत न भरता ही कीड बंदरामागून बंदर गाठत गेली. त्यामुळे ती प्रथम जेथे सापडली ते तिचे माहेर नव्हे. ही अडचण खवले किडींच्या अभ्यासात पावलोपावली भेटते.

लाल किडीचे शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा केले ते न्यूझीलंडमधील विल्यम मास्केल यांनी, १८७९ साली. ते वर्णन नारिंगे व लिंबे यांवरील नमुन्यांवरून केलेले होते, आणि नारिंगाच्या ऑरँटियम या लॅटिन नावावरून त्यांनी तिला ॲस्पिडिओटस ऑरँटिआय असे नाव दिले. पुढे १८८१ मध्ये अमेरिकेतील जॉन हेन्री कॉमस्टॉक यांनी हीच कीड नवी समजून तिचे नाव ॲस्पिडिओटस सिट्री असे ठेवले. त्याच वर्षी ग्रीसमध्ये गेनाडियस यांनी तिसरे नाव दिले. तीन देशांत तीन विद्वान, प्रत्येकासमोर तोच कीटक, आणि कोणालाही दुसऱ्याचा नमुना हाताशी नाही. प्राणिनामांच्या नियमांनुसार जे नाव आधी प्रसिद्ध झाले ते टिकते, म्हणून मास्केल यांचे नाव राहिले. आज शास्त्रीय ग्रंथांत या किडीच्या नावापुढे मास्केल हे नाव कंसात छापलेले असते. तो कंस सांगतो की ज्याने जातीचे नाव दिले त्याने तिला निराळ्या वंशात घातले होते, नंतर तिचे घर बदलले. एखाद्या दत्तकविधानाची नोंद दप्तरात असावी तसा तो कंस आहे.

दक्षिण कॅलिफोर्नियात ही कीड १८६८ ते १८७५ या काळात, बहुधा ऑस्ट्रेलियातून आलेल्या रोपांबरोबर, शिरली. तेथे नारिंगांच्या बागांचा नुकताच विस्तार होत होता. किडीला मोकळे रान मिळाले. पान, फळ, डहाळी, खोड, सगळीकडे ती बसते; तिच्या लाळेत झाडाला बाधणारे द्रव्य असते, त्यामुळे पाने पिवळी पडतात, डहाळ्या वाळतात आणि सालीवर कीड असलेले फळ बाजारात कोणी घेत नाही. १८८६ मध्ये डॅनिएल कॉक्विलेट यांनी लॉस एंजेलिसमध्ये सायनाइडच्या विषारी धुरीचा प्रयोग केला. झाडावर कनातीच्या कापडाचा तंबू घालावयाचा आणि आत हायड्रोसायानिक वायू सोडावयाचा, अशी ती रीत. पुढे हे काम रात्री करण्याची वहिवाट पडली. बागांतून रात्रभर तंबू या झाडावरून त्या झाडावर हलवीत मजूर फिरत असत. कित्येक वर्षे हा उपाय लागू पडला. परंतु विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोरोना या गावाकडच्या बागांतून तक्रार येऊ लागली की नेहमीच्या मात्रेने लाल कीड मरत नाही. विषाला न जुमानणारी पिढी निपजली होती. कीटकांनी विषाला दाद न दिल्याच्या ज्या अगदी आरंभीच्या नोंदी आहेत, त्यांत ही एक मोडते.

विषाखेरीज दुसरा मार्ग लोकांना ठाऊक होता. कापशी खवले कीड म्हणून दुसरी एक कीड, जिचे नावही मास्केल यांनीच त्याच निबंधात दिले होते, तिने कॅलिफोर्नियाच्या बागा मोडीत काढल्या होत्या. १८८८ साली अल्बर्ट केबेले यांनी ऑस्ट्रेलियातून एक लहान लाल भुंगेरा पाठविला आणि वर्ष-दीड वर्षात ती कीड नाममात्र उरली. मग लाल किडीसाठी तसाच कोणी का आणू नये? आणावा हे ठरले. प्रश्न एवढाच होता की जावे कोठे?

श्रोतेहो, येथे नावाचा प्रश्न उभा राहतो. शत्रू शोधावयाचा तर किडीच्या माहेरी शोधावा, कारण तेथेच ती आणि तिचे वैरी हजारो वर्षे एकत्र नांदलेले असतात. माहेर कसे कळावे? तिचे जवळचे आप्त जेथे राहतात त्यावरून. आणि आप्त कोण, हे सांगते वंशाचे नाव. मास्केल यांचा ॲस्पिडिओटस हा वंश त्या काळी धर्मशाळेसारखा होता. जी वाटोळी खवले कीड येई तिला तेथे जागा मिळे. पुढे त्याची वाटणी झाली तेव्हा लाल कीड क्रिसॉम्फॅलस या वंशात गेली. या ग्रीक शब्दाचा अर्थ सोनेरी बेंबी. कवचाच्या मध्यावरील उंचवट्याला उद्देशून तो योजलेला आहे. हा वंश अमेरिका खंडाचा, असा समज होता. तेव्हा लाल किडीचे मूळही तिकडेच असणार असे अनुमान निघाले आणि दक्षिण अमेरिकेत तिचे वैरी धुंडाळण्यात काळ आणि पैसा खर्ची पडला. अनुमानाच्या पद्धतीत दोष नव्हता. ज्या नावावर ते उभे होते ते नावच खोटे होते.

एवढ्याने भागले नाही. लाल किडीला एक जुळी म्हणावी अशी बहीण आहे, पिवळी खवले कीड. तिला नाव दिले ते सायनाइडची धुरी काढणाऱ्या त्याच कॉक्विलेट यांनी, १८९१ मध्ये. पण पुष्कळ काळ ती लाल किडीचाच एक फिकट प्रकार समजली जात असे, आणि तसे समजणाऱ्यांना दोष देता येत नाही. लाल किडीचे कवच पातळ व अर्धपारदर्शक असते. तिचा लाल रंग कवचाचा नसून आतल्या देहाचा, बाहेरून झिरपून दिसणारा. मादी कोवळी असता, किंवा पान कसे आहे त्यावरून, तो रंग कमीजास्त होतो. रंगावरून निवाडा केला तर एकाच पानावर लाल आणि पिवळी दोन्ही सापडल्याचा भास होई. शेतात एक फरक दिसे: पिवळी कीड पानाफळांवरच राहते, लाकडावर क्वचित जाते, म्हणून झाडाला तेवढी मारक नाही. पण फांदीवर कीड नाही म्हणजे ती पिवळी, हा पुरावा झाला नाही. ती नुकतीच आलेली लालही असू शकेल.

या घोळाचा फटका प्रत्यक्ष कामाला बसला. कॉम्पिरिएला बायफॅसिआटा नावाचा एक परोपजीवी कीटक पूर्वेकडे लाल किडीवर जगतो अशी माहिती होती. जपानमधून तो आणला, कॅलिफोर्नियातील लाल किडीवर सोडला, आणि तो तिच्यावर टिकेना. पुढे उलगडा झाला की जपानी वाणाचे भक्ष्य लाल कीड नव्हतेच. १९३१ च्या सुमारास तो कॅलिफोर्नियात स्थिरावला तो पिवळ्या किडीवर, आणि तिला त्याने चांगले आवरलेही. लाल किडीवर जगणारा त्याच परोपजीवीचा चिनी वाण तेथे रुजावयास १९४१ साल उजाडावे लागले. डोळ्यांना दोन्ही वाण सारखेच. निवड मात्र वेगळी.

मग लाल आणि पिवळी यांचा निवाडा लागतो तरी कशाने? येथे मी थोडा थांबणार आहे, कारण ही रीत फार सुंदर आहे आणि आपल्यापैकी फारच थोड्यांच्या पाहण्यात ती येते.

पुरी वाढलेली मादी कवचातून काढतात आणि कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात ठेवून हलकी ऊब देतात. आतले मांस, चरबी, सगळे विरघळते. बारीक सुईने हळूहळू दाबून ते बाहेर काढले की राहते एक रिकामी, नितळ कातडी. ती धुऊन ॲसिड फुक्सिन या रंगात गुलाबी करतात, अल्कोहोलने तिच्यातले पाणी काढतात, लवंगेच्या तेलाने ती पारदर्शक करतात आणि कॅनडा बाल्सम या डिंकासारख्या पदार्थात काचपट्टीवर पसरून बसवतात. पुढे ती पट्टी शंभर वर्षेही टिकू शकते. सूक्ष्मदर्शकाखाली धरली म्हणजे ज्याला आपण निराकार ठिपका म्हणत होतो त्याच्या मागच्या टोकाला एक नक्षीदार पट्ट दिसू लागतो. पोटाचे शेवटचे खंड एकत्र सांधून तो झालेला असतो. त्यास आपण पुच्छफलक म्हणू. त्याच्या कडेला दातांसारखे खंड असतात, दातांमध्ये झालरीसारखे कातरलेले पट्टे असतात, आत मेण सोडणाऱ्या नळ्यांच्या रांगा असतात. मादी याच अवयवाने आपले कवच लिंपते. गवंड्याची थापी आणि चुन्याचे घमेले दोन्ही एकाच जागी. प्रत्येक जातीची थापी निराळी. वर्गीकरणाचा आधार या पुच्छफलकावर ठेवण्याचा पाया कॉमस्टॉक यांनीच १८८१ च्या सुमारास घातला होता. त्यांनी लाल किडीला अनावश्यक नाव दिले हे खरे, पण तिचा निवाडा ज्याने पुढे लागला ते साधनही त्यांनीच हाती दिले, हे विसरू नये.

१९३३ मध्ये नेल या संशोधकाने लाल व पिवळ्या किडींची तुलना, पिवळीच्या अंतर्रचनेसह, प्रसिद्ध केली. त्यानंतर १९३७ साली हॉवर्ड मॅक्केंझी यांनी दोघींच्या आणि त्यांच्या निकटच्या जातींच्या काचपट्ट्या शेजारी शेजारी ठेवून लक्षणे निश्चित केली, व पुढल्या वर्षी आओनिडिएला या संपूर्ण वंशाचा आढावा घेतला. प्रौढ मादीच्या पुच्छफलकाच्या खालच्या अंगास, जननद्वाराच्या किंचित पुढे, लाल किडीत कातडी कठीण होऊन झालेले ठळक बारीक पट्टे व टोके दिसतात. पिवळीत ती नसतात, किंवा असलीच तर अगदी पुसट. एवढाच फरक. मिलिमीटराच्या अंशभागातल्या एका खुणेवर दोन जाती वेगळ्या होतात. आणि ती खूण प्रौढ मादीतच भरवशाची असते, कोवळ्या मादीत किंवा नरात तिचा उपयोग नाही.

वंशाचा प्रश्नही कातडीनेच सोडवला. क्रिसॉम्फॅलस वंशातल्या मादीचा देह भोवऱ्यासारखा, मागे निमुळता होत गेलेला. लाल किडीची मादी प्रौढ झाली की तिच्या अंगाचे दोन्ही पुढचे भाग फुगून मागे वाढतात व पुच्छफलकाला दोहोंकडून मिठी मारल्यासारखे बसतात. सबंध देह वृक्काच्या आकाराचा होतो. हे आओनिडिएला वंशाचे लक्षण, आणि त्या वंशाचे बहुतेक आप्त आशियाच्या उष्ण प्रदेशातले. माहेर दक्षिण अमेरिकेत नव्हते. ते पूर्वेला होते.

मॅक्केंझी यांचा वंशाचा आढावा ज्या नियतकालिकात आला ते स्टॅनफर्ड येथील गॉर्डन फेरिस यांनी चालविले होते. फेरिस यांची चित्रे काढण्याची रीत अशी की मधोमध रेघ ओढून डावीकडे कीटकाची वरची बाजू आणि उजवीकडे खालची बाजू दाखवावयाची, भोवती महत्त्वाचे अवयव मोठे करून मांडावयाचे. एका पानावर सगळा पुरावा. अशी चित्रे पाहिली की वर्णनाचे दहा परिच्छेद वाचण्याचे श्रम वाचतात, आणि दूरच्या प्रयोगशाळेतील माणसालाही आपली काचपट्टी ताडून पाहता येते. या विषयात लेखणीपेक्षा रेखाटणीने अधिक काम केले आहे असे माझे मत आहे.

आता परोपजीवींकडे वळू. कारण तेथेही नेमका हाच घोटाळा पुन्हा झाला. अफायटिस नावाचे एक मिलिमीटरभर लांबीचे पिवळे कीटक आहेत, गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातले. मादी लाल किडीच्या कवचाला आपल्या शेपटीकडील सुईने भोक पाडते आणि आतल्या देहावर अंडे ठेवते. अळी तो देह शोषून घेते. त्यांतली अफायटिस क्रिसॉम्फॅली ही जात कॅलिफोर्नियात १९०० च्या आसपास कोणी न आणताच आली होती. पूर्वेकडे लाल किडीवर पिवळे अफायटिस असतात हे जाणकारांना ठाऊक होते. पण ते दिसावयास तसेच, तेव्हा आपल्याकडे आहे तोच कीटक पुन्हा कशाला आणावा, असा विचार करून ते सोडून देण्यात आले. अशा रीतीने सुमारे अर्धे शतक गेले. अखेर १९४७-४८ मध्ये चीनमधून आणलेले कीटक नीट पाहता निराळे निघाले. रिव्हरसाइडच्या प्रयोगकेंद्रातील हॅरल्ड कॉम्पिअर यांनी १९५५ मध्ये अफायटिस वंशाची पद्धतशीर छाननी केली आणि त्या चिनी कीटकास अफायटिस लिंग्नानेन्सिस असे नाव दिले. १९५६-५७ मध्ये भारत आणि पाकिस्तान येथून आणखी एक अफायटिस गेला. १९५९ मध्ये पॉल डी बाख यांनी तो नवी जात म्हणून नोंदविला: अफायटिस मेलिनस. या जाती ओळखण्यास कोशातील कीटकाच्या अंगावरील काळपट रंगाची ठेवण, केसांची मांडणी, अशा खुणा उपयोगी पडतात.

पुढचे नाट्य बागांतच घडले. चिनी जातीने जुन्या क्रिसॉम्फॅलीला बहुतेक ठिकाणांहून हुसकून लावले. मग भारत-पाकिस्तानच्या मेलिनसने आतल्या उष्ण, कोरड्या खोऱ्यांतून चिनी जातीला मागे सारले. समुद्राकाठच्या सौम्य हवेत चिनी जात टिकून राहिली. डी बाख व सुंडबी यांनी १९६३ मध्ये या चढाओढीचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. तिन्ही जाती एकच समजल्या असत्या तर या घडामोडीचा कोणाला पत्ताही लागला नसता. बागेत पिवळे कीटक आहेत, एवढीच नोंद झाली असती. डी बाख यांनी याच्या आधी एक युक्ती केली होती. बागेतल्या काही झाडांवर डीडीटीची फवारणी करावयाची, ज्यामुळे परोपजीवी मरतात पण लाल कीड फारशी मरत नाही. त्या झाडांवर किडीचा भडका उडाला. परोपजीवींचा उपयोग किती हे मोजण्याचा हा उफराटा मार्ग १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि औषध मारूनही कीड का वाढते याचे उत्तरही शेतकऱ्याला त्यातच मिळाले.

मघाशी कवच आणि देह चिकटण्याची गोष्ट ध्यानात ठेवावयास सांगितली होती. अफायटिसला अंडे ठेवण्यास कवच आणि देह यांमध्ये फट लागते. म्हणून तो दुसऱ्या अवस्थेतील किडीवर आणि अजून नर न भेटलेल्या मादीवर हल्ला करतो. कात टाकणारी किंवा पिल्ले देणारी मादी त्याच्या हाती लागत नाही. बागेत मेलिनस सोडणाऱ्याला म्हणूनच नुसती जात ओळखून चालत नाही, अवस्थाही ओळखावी लागते.

कीटक मात्र एकमेकांना ओळखण्यात कधी चुकत नाहीत. कवचाखाली बसलेली मादी एक गंध सोडते आणि तिच्याच जातीचा नर तो ओळखून येतो. १९७७ साली लाल किडीच्या या गंधाची रासायनिक घडण उलगडली. तो गंध लावलेले चिकट पत्रे आता बागांत टांगतात आणि अडकलेल्या नरांवरून किडीची पिढी केव्हा चालू झाली हे ताडतात. अलीकडे किडीच्या देहातील डीएनए तपासून जाती ठरवितात. त्यातही अशी सोय झाली आहे की डीएनए काढून घेतल्यावर उरलेली कातडी काचपट्टीवर बसविता येते, म्हणजे दोन्ही साक्षी एकाच नमुन्याच्या.

आओनिडिएला वंशातील तिसरी एक बहीण आपल्या अधिक जवळची. रॉबर्ट न्यूस्टेड यांनी १८९४ मध्ये मद्रासकडील खवले किडींवर लिहिताना तिला ओरिएन्टालिस, म्हणजे पौर्वात्य, असे नाव दिले. लिंबूवर्गापासून पपईपर्यंत अनेक झाडांवर ती आढळते, आणि कडुनिंबावरही. आपला कडुनिंब आफ्रिकेत सावलीसाठी आणि जळणासाठी फार मोठ्या प्रमाणावर लावला गेला. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात चाड सरोवराभोवतीच्या नायजेरिया, कॅमेरून, चाड, नायजर या देशांत या किडीने निंबाच्या झाडांना घेरले; पाने तपकिरी पडून गळू लागली. ज्या झाडाच्या पाल्याने आपण धान्यातली कीड घालवितो त्यालाच कीड लागावी हे ऐकून नवल वाटेल. पण या किडीचा व निंबाचा संबंध जुना आहे. नुसत्या डोळ्यांनी तीही एक पिवळसर ठिपकाच. काचपट्टीवर मात्र तिच्या जननद्वाराभोवती बारीक छिद्रांचे घोस दिसतात, जे लाल आणि पिवळी या दोघींतही नसतात. शिवाय तिचा देह वृक्काकार होत नाही.

आपल्या परसातल्या लिंबावर, गुलाबावर किंवा अंगणातल्या निंबावर असे ठिपके दिसले आणि ते कोणत्या जातीचे हे जाणून घ्यावयाचे असले, तर ते खरवडू नयेत. पान किंवा डहाळीचा तुकडा खपल्यांसकट कापावा, त्यात मोठ्या, पूर्ण वाढलेल्या वाटोळ्या खपल्या असतील असे पाहावे, आणि तो साध्या कागदाच्या पाकिटात सुकू द्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. सुकलेला नमुना वर्षानुवर्षांनीही पोटॅशमध्ये भिजवून काचपट्टीवर चढविता येतो. पाकिटावर झाडाचे नाव, गाव आणि तारीख घालून ते जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागाकडे द्यावे. झाडाचे नाव लिहावयाचे मात्र विसरू नये, कारण काचपट्टी करणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असतो.